थंडीच्या देशात केळीचे बन

ब्रिटनमधील बाग म्हटली की आखीव हिरवळ, गुलाबांचे ताटवे आणि विटांच्या भिंतीवर चढलेल्या वेली असे चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चुकीचे नाही. मात्र गेल्या तीन दशकांत या चित्रात केळीची भर पडली आहे. लंडनच्या उपनगरांत, नॉर्विच आणि ब्रायटनसारख्या शहरांत, एवढेच नव्हे तर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही घरामागच्या चिंचोळ्या परसात केळ, माड-ताडाच्या कुळातील झाडे, वृक्षनेचे, घायपात, कर्दळ आणि आळू यांची दाटी केलेली आढळते. तिकडच्या बागप्रेमींच्या लेखी ही सारी 'एक्झॉटिक', म्हणजे दूरदेशीची, नवलाईची झाडे. आपल्याकडे ज्या आळूला न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारे म्हणून कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, त्याची काळसर पानांची जात तिकडे रोपवाटिकांतून कुंडीवर विकत घेतली जाते. आणि गुलाब? तो मात्र त्यांच्याकडे नेहमीचाच.

ही हौस खर्चिक आहे आणि जोखमीचीही. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधील १९१० पासूनच्या नोंदींतील सर्वांत थंड डिसेंबर ठरला. त्या एका महिन्यात हजारो घरांच्या दारातील, पंधरा-वीस वर्षे वाढवलेली झाडे कामास आली. त्यानंतर अनेक हिवाळे सौम्य गेले. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे पारा ४०.३ अंशांवर गेला, तेव्हा आता ब्रिटनमध्ये काहीही लावावे असे अनेकांना वाटू लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा कडाक्याची थंडी पडली आणि तो उत्साह बऱ्याच परसांत गोठून गेला. सरासरी तापमान वाढले तरी झाड मरते ते सरासरीने नव्हे, एखाद्या रात्रीने.

मात्र अशा हिवाळ्यांनंतर एक गोष्ट प्रकर्षाने दिसली. शेजारशेजारच्या दोन बागांत, सारख्याच थंडीत, एकाची केळ पुन्हा फुटली आणि दुसऱ्याचे ताडाचे झाड दगावले. कुठे नेमके याच्या उलट घडले. दैवाचा भाग त्यात होताच. पण पुष्कळदा कारण साधे असते. लोक झाड झाकतात, पण झाडाचा जीव जेथे असतो ती जागा उघडी ठेवतात.

दीडशे वर्षांपूर्वीची हौस

ही आवड वाटते तितकी नवी नाही, आणि तिची मुळे काही अंशी हिंदुस्थानातच आहेत. जॉन गिब्सन हा चॅट्सवर्थ येथील डेव्हनशायरच्या ड्यूकचा तरुण माळी. ड्यूकने १८३५ मध्ये त्याला कलकत्त्याला धाडले. खासी टेकड्यांतून त्याने आमरींच्या असंख्य जाती गोळा करून इंग्लंडला नेल्या. पुढे हाच गिब्सन लंडनच्या बॅटरसी पार्कचा प्रमुख झाला आणि १८६० च्या दशकात त्याने तेथे उष्ण प्रदेशांतील झाडांची उघड्यावरची बाग तयार केली. केळी, कर्दळी आणि वृक्षनेचे पाहायला लंडनकरांची रीघ लागली. विल्यम रॉबिन्सन या बागलेखकाने १८७१ मध्ये या प्रकाराला वाहिलेले 'द सबट्रॉपिकल गार्डन' हे पुस्तकच लिहिले. त्याचा मुद्दा महत्त्वाचा होता. भपका दिसायला हवा म्हणून काचघरातली नाजूक झाडे चार महिने बाहेर आणून मिरवण्याऐवजी मुळातच काटक, पण मोठ्या पानांची झाडे निवडावीत, असे त्याने सुचवले. आजच्या घरगुती बागा चालतात त्या याच तत्त्वावर.

मधल्या काळात मजुरी महागली, कोळसा महागला, काचघरे ओस पडली आणि ही तऱ्हा मागे पडली. तिला नव्याने प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस म्हणजे ख्रिस्तोफर लॉइड. पूर्व ससेक्समधील ग्रेट डिक्स्टर या आपल्या वडिलोपार्जित घराच्या आवारात वास्तुविशारद एडविन लट्यन्सने आखलेली गुलाबबाग होती. होय, नवी दिल्ली वसवणारे तेच लट्यन्स. १९९३ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या लॉइडने आपला सहकारी फर्गस गॅरेटच्या साथीने ते गुलाब मुळासकट काढले आणि तेथे केळी, कर्दळी व डेलिया लावले. बागप्रेमी जगतात मोठा गहजब झाला. आज ती बाग पाहण्यासाठी लोक मुद्दाम जातात. लॉइड २००६ मध्ये निवर्तला. त्याची निवड धाडसी होती, पण वेडगळ नव्हती. जुनी गुलाबबाग उंच कुंपणांनी आणि इमारतींनी वेढलेली होती. म्हणजे वाऱ्याला आडोसा आयताच तयार होता.

अक्षांश फसवे, अंकही फसवे

लंडन मुंबईच्या कितीतरी उत्तरेला, सुमारे साडेएकावन्न अंशांवर आहे. एवढ्या उत्तरेला केळ जगते याचे श्रेय अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार सागरी प्रवाहाला आणि त्यावरून वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांना जाते. स्कॉटलंडमधील इन्व्हरयू ही बाग तर हडसनच्या उपसागराच्या अक्षांशावर आहे. ऑसगुड मॅकेन्झीने १८६२ पासून तेथे आधी वारा अडवणारी झाडे लावली, ती वाढेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि मग दक्षिण गोलार्धातील झाडे आणली. नैर्ऋत्य इंग्लंडच्या टोकाशी असलेल्या सिली बेटांवरील ट्रेस्को ॲबी बागेचीही तीच कथा. मात्र या बागेलाही जानेवारी १९८७ मधील हिमवर्षावाने उद्ध्वस्त केले आणि १९९० च्या वादळाने वारा अडवणारी झाडे आडवी केली. बाग पुन्हा उभी राहिली, पण समुद्र जवळ आहे म्हणून कायमचे निश्चिंत राहता येत नाही हेही कळले.

रोप विकत घेताना त्याच्या चिठ्ठीवर 'एच ३', 'एच ५' अशी खूण असते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने ठरवलेले हे काटकपणाचे दर्जे. 'एच ३' म्हणजे उणे ५ अंशांपर्यंत, 'एच ४' म्हणजे उणे १० पर्यंत आणि 'एच ५' म्हणजे उणे १५ पर्यंत तग धरणारे झाड, असा ढोबळ अर्थ. अमेरिकेत कृषी खात्याचे 'झोन' वापरतात. ब्रिटनचा बहुतेक भाग त्या हिशेबाने आठव्या-नवव्या झोनमध्ये येतो, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण राज्यांचा मोठा भागही त्यातच! हिवाळ्यातील नीचांक सारखा असला तरी उन्हाळ्यात तिकडे पारा चढतो तसा ब्रिटनमध्ये सहसा चढत नाही, आणि हिवाळ्यात ब्रिटनमध्ये रिपरिप थांबत नाही. झोनचा आकडा यातले काहीच सांगत नाही.

थंडीपेक्षा ओल अनेकदा अधिक घातक ठरते. घायपात हे याचे उत्तम उदाहरण. मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांतल्या काही जाती उणे तापमान सहज सोसतात, पण चिकणमातीत मुळांशी पाणी साचले आणि वर थंडी पडली की बुंध्यापासून कुजतात. त्यासाठी निम्मी खडी-वाळू मिसळलेला उंचवटा करावा, झाड किंचित तिरके लावावे आणि हिवाळ्यात वर काचेचे किंवा प्लास्टिकचे छप्पर धरावे. बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात.

जागेची निवड करताना आणखी एक गोष्ट पाहावी. थंड हवा जड असते. वारा पडलेल्या निरभ्र रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठून हिमकण झाल्याच्या बातम्या येतात आणि बाजारपेठेत मात्र पारा तेवढा उतरलेला नसतो, त्याचे कारण हेच. परसाच्या खालच्या टोकाला घट्ट कुंपण असेल तर धरणामागे पाणी साचावे तशी तेथे थंडी साचते. तेथे वृक्षनेचा लावू नये. दक्षिणाभिमुख विटांची भिंत दिवसा ऊन शोषते आणि रात्री सोडते. नाजूक झाडाचा मान तिचा.

जीव कोठे आहे?

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतला राक्षस तलवारीने मरत नसे, कारण त्याचा प्राण सातासमुद्रापलीकडच्या पोपटात असे. झाडांचेही तसेच आहे, फक्त प्रत्येकाचा पोपट वेगळ्या जागी आहे.

केळीचा जीव जमिनीत असतो. जो खांब आपल्याला दिसतो तो खोड नव्हेच, एकमेकांभोवती गुंडाळलेले पानांचे देठ होत. खरे खोड म्हणजे मातीखालचा कंद. त्यामुळे वरचे सारे काळे पडले तरी कंदातून मुनवे फुटतात. थंड देशांत लावली जाते ती प्रामुख्याने 'मुसा बासजू' ही जात. तिला जपानी केळ म्हणतात, पण ती मूळची चीनची. जपानी कवी बाशोने आपले नाव याच केळीवरून घेतले. सोसायटीच्या यादीत तिला काटकपणाचा फारसा वरचा दर्जा नाही, कारण पाने पहिल्याच हिमात लोळागोळा होतात. तरीही आच्छादनाखालचा कंद उणे १० अंशांच्या आसपासची थंडी काढतो. फळे येतात ती बोटाएवढी, बियांनी भरलेली, खाण्याच्या उपयोगाची नाहीत. पान मात्र जेवायला घेता येईल एवढे मोठे होते. ब्रिटनमधील मराठी घरांतून सत्यनारायणाला केळीचे खांब हवे असतात, त्यांची सोय ऑगस्टमध्ये परसातच होऊ शकते. जानेवारीतली पूजा असेल तर नाही.

कंद जगवायचा एवढेच उद्दिष्ट असेल तर बुंध्याभोवती वीतभर जाडीचा पालापाचोळा किंवा पेंढा पुरतो. पण दरवर्षी जमिनीपासून सुरुवात केल्यास केळ फार तर पुरुषभर उंच होते. दोन-तीन पुरुष उंचीचे बन हवे असेल तर खांबही वाचवावा लागतो. त्यासाठी पहिल्या हिमाने पाने काळवंडू द्यावीत, मग ती कापावीत, खांबाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल उभी करावी आणि आत कोरडा पेंढा ठासून भरावा. वर छप्पर अत्यावश्यक. पेंढा भिजला तर ऊब राहत नाही, सड मात्र होते. प्लास्टिकच्या फुग्यांचे वेष्टन थेट खांबाभोवती गुंडाळण्याची चूक सर्रास केली जाते. त्याच्या आत घाम धरतो आणि थंडीने न मेलेली केळ बुरशीने मरते.

ताडाच्या झाडाचा जीव शेंड्यात असतो, आणि तेवढाच असतो. पोंगा मेला की सारे झाड मेले. बुंध्यातून नवे फुटवे येत नाहीत. माडाचा पोंगा भुंग्याने पोखरला की काय होते हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणूनच येथे निवड काटकच करावी लागते. 'ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय' किंवा चुसान पाम हे ब्रिटनमध्ये सर्वांत भरवशाचे ताडकुलीन झाड, दर्जा 'एच ५'. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने ते चीनच्या चुसान बेटावर पाहिले आणि १८४९ च्या सुमारास रोपे इंग्लंडला पाठवली. त्यांतील एक व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न हाऊसच्या बागेत लावले गेले. चिनी शेतकरी या झाडाच्या काथ्यापासून पावसात पांघरायचे आवरण करीत, आपल्याकडील इरल्याच्या जातीचे. हाच फॉर्च्यून ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे आणि चहा करणारे कारागीर हिमालयाच्या पायथ्याशी घेऊन आला. याच कुळातील 'ट्रॅकीकार्पस ताकिल' ही दुर्मिळ जात आपल्या कुमाऊंमध्ये, पिथोरागढ परिसरातील डोंगरांत आहे. तिच्या प्रदेशात बर्फ पडतो. युरोपातील हौशी लोक तिच्या बियांसाठी धडपडतात.

मोठ्या चुसान पामला सहसा काहीच गुंडाळावे लागत नाही. रोप लहान असेल आणि दीर्घकाळ हिम पडणार असेल तर पाने वर घेऊन सुतळीने सैल बांधावीत, पोंग्यात पाणी साचू देऊ नये. वसंतात पोंगा हलकेच ओढून पाहावा. तो हातात आला तर आत सड लागली आहे. वरून पावसाचे पाणी अडवावे आणि उन्हाळ्यापर्यंत वाट पाहावी. अनेकदा खालून नवे पान येते. वाऱ्याची जागा असल्यास याच झाडाचा लहान, ताठ पानांचा 'वॅग्नेरियानस' हा प्रकार घ्यावा.

डेव्हनच्या किनाऱ्यावर 'टॉर्बे पाम' म्हणून मिरवणारे झाड मुळात पाम नाहीच. ती न्यूझीलंडची 'कॉर्डिलाइन ऑस्ट्रेलिस', दर्जा 'एच ३'. डिसेंबर २०१० मध्ये सर्वाधिक वाताहत झालेल्या झाडांत हिची गणना होते. मात्र मेलेल्या बुंध्यांच्या तळातून पुढच्या उन्हाळ्यात फुटवे आले, कारण हिचा जीव दोन ठिकाणी असतो. ज्यांनी घाई करून बुंधे मुळासकट उपटले त्यांनी जिवंत झाड फेकून दिले.

वृक्षनेच्याचे प्रकरण सर्वांत नाजूक आणि सर्वांत महाग. 'डिक्सोनिया अंटार्क्टिका' टास्मानियातून ओंडक्याच्या रूपात येते. बुंधा करवतीने कापलेला, मुळे नाहीत. ओलसर मातीत उभा केला आणि वरून पाणी घातले की तो मुळे धरतो. बुंध्याची वाढ वर्षाला इंचभर. म्हणजे कमरेएवढा नेचा बहुधा मालकाहून थोरला असतो. त्यामुळे टास्मानियात जंगलातून काढलेल्या प्रत्येक नेच्याला सरकारी बिल्ला लावणे बंधनकारक आहे. बिल्ला नसलेला टास्मानियन नेचा घेऊ नये. याचाही जीव शेंड्यातील वाटीसारख्या खळग्यात. हिवाळ्याच्या तोंडी त्या खळग्यात मूठभर कोरडा पेंढा भरावा, जुनी पाने वरून आत दुमडावीत आणि पांढऱ्या फ्लीसच्या कापडाने बांधून टाकावे. बुंधा मात्र कोरडा पडू देऊ नये, कारण मुळे त्याच्याच अंगावर असतात. शेंडा कोरडा, बुंधा ओला: नवख्यांचा घोटाळा होतो तो येथे.

सोनटक्का, कर्दळ, आळू

कंदवर्गीय झाडांची गोष्ट त्या मानाने सोपी. कर्दळ आणि डेलियाचे कंद पहिल्या हिमानंतर खणून, माती झटकून, किंचित ओलसर कोकोपीट किंवा जुन्या कंपोस्टमध्ये गॅरेजात ठेवतात. दक्षिण इंग्लंडमध्ये निचरा चांगला असल्यास ते जमिनीतच ठेवून वर जाड आच्छादनही चालते. आळूच्या शोभेच्या जातींत 'पिंक चायना' ही काटक समजली जाते. शोभेच्या आळूची पाने अळूवडीसाठी तोडण्याचा मोह मात्र टाळावा. त्या जाती खाण्यासाठी निवडलेल्या नाहीत.

सोनटक्क्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण परदेशातील मराठी माणसाला हवा असतो तो हाच वास. आपला पांढरा सोनटक्का ब्रिटनमध्ये वाढतो खरा, पण फुलायला त्याला दीर्घ ऊब लागते. कळ्या धरेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि हिम त्या जाळून टाकते. तो कुंडीत लावून काचेच्या आडोशाला ठेवला तरच आशा. उघड्या जमिनीसाठी त्याचे हिमालयीन भाऊबंद अधिक उपयोगी. 'हेडिकियम डेन्सिफ्लोरम'चा 'आसाम ऑरेंज' हा नारिंगी तुऱ्यांचा प्रकार फ्रँक किंग्डन-वॉर्डने १९३८ मध्ये आसामातून नेला; तो उन्हाळा संपण्यापूर्वीच फुलतो. पिवळ्या तुऱ्यांचा 'गार्डनेरियानम' सुगंधी आहे, पण उशिरा येतो. सर्वांनाच भरपूर पाणी आणि खत लागते. नत्रयुक्त खत ऑगस्टपूर्वी थांबवावे, नाहीतर कोवळी, पाणीदार वाढ थंडीच्या तोंडी सापडते.

सुट्टीवरून परतताना कंद सामानात टाकून नेण्याची चाल जुनी आहे. भारतातून ब्रिटनमध्ये रोपे, कंद आणि बहुतेक बियाणे नेण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नसल्यास विमानतळावर ती जप्त होतात. हा नियम केवळ कागदी नव्हे. मातीबरोबर कीड, बुरशी आणि सूत्रकृमी जातात. शिवाय काटकपणाची दुसरी बाजूही आहे. जे झाड परदेशी हवेत मजेत जगते ते कुंपणाबाहेरही जगू शकते. गार्डनेरियानम सोनटक्क्याने हवाई, अझोर्स आणि न्यूझीलंडमधील जंगलांत स्थानिक झाडांची कोंडी केली आहे. छत्रीएवढ्या पानांची 'गनेरा टिंक्टोरिया' ब्रिटिश बागांचे भूषण होती. २०१७ मध्ये युरोपीय महासंघाने तिला आक्रमक परकीय वनस्पतींच्या यादीत घातले आणि ब्रिटनमध्येही तिची विक्री व लागवड बंद आहे. पाणथळ जागी मोठे पान हवे असल्यास दुसरे काही शोधावे.

नवी लागवड शरद ऋतूत करू नये. रोपवाटिका सप्टेंबरात स्वस्तात झाडे काढतात, ती घ्यायला हरकत नाही, पण पहिला हिवाळा त्यांना आडोशाला कुंडीतच काढू द्यावा. जमिनीत लावायचे ते मेच्या अखेरीस. लंडनमध्ये जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. त्या उजेडात केळ आठवड्याला एक पान टाकते आणि हिवाळ्यापूर्वी कंद भरतो.

झाकलेली झाडे उघडण्याची घाईही नडते. मार्चमधल्या चार उबदार दिवसांना भुलू नये, आणि मेपर्यंत सारे बंदही ठेवू नये. आत कोंब फिकट पडतात. एप्रिलमध्ये ढगाळ दिवस पाहून पेंढा काढावा आणि रात्रीच्या हिमासाठी फ्लीसचा तुकडा मेच्या मध्यापर्यंत हाताशी ठेवावा. केळीचा खांब वरून तपकिरी, लिबलिबीत दिसला तरी मुळापर्यंत कापू नये. धारदार सुरीने वरून दोन-दोन बोटांच्या चकत्या काढत खाली यावे. मध्यभागी पांढरा, टणक, ओला गाभा दिसला की तेथेच थांबावे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाभा अर्धा-पाऊण इंच वर सरकलेला असतो.